ब्रेकवरचा पाय

सरूआत्याने मला जीप चालवायला शिकवली, त्यात मायेचा काही भाग नव्हता. तिचा उजवा हात मनगटात मोडला होता, ठेवलेला ड्रायव्हर तिच्या जिभेला कंटाळून पळाला होता आणि घरात रिकामी अशी मीच तेवढी दिसत होते. पुढे नातेवाइकांत कोणी विषय काढला की लोक म्हणत, त्या काळात आत्याने भाचीला गाडी शिकवली, केवढी पुढारलेली बाई. पुढारलेली ती होतीच. पण मला ती आवडत नव्हती आणि तिलाही मी आवडत नव्हते, हे आम्हा दोघींना पहिल्या आठवड्यातच पक्कं समजलं होतं.

याचं कारण माझ्या जन्माच्या आधीचं होतं आणि ते आमच्या घरात कोणी लपवत नसे. आमचं गाव मौद्याकडचं. आजोबांची शेती, घरात खाऊन-पिऊन सुखी. आत्याने लग्नाला नकार दिला आणि डॉक्टरकी शिकायला नागपूर गाठलं, तेव्हा आजोबांनी मुलगी मेली असं सांगून टाकलं. आजोबा वारले तेव्हा ती गावी आली, तर तिला ओसरीवरच बसवलं, आत कोणी बोलावलं नाही. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. ते त्या दिवशी घरातच होते. मग कितीतरी वर्षांनी मी मॅट्रिक झाले, कॉलेजात जायचा हट्ट धरला, तेव्हा बाबांना आठवलं की आपली एक बहीण नागपुरात आहे आणि तिचं घर मोठं आहे. ते मला घेऊन तिच्या दारात उभे राहिले. आत्याने त्यांना खुर्ची दिली नाही. "ठेव," एवढंच म्हणाली. ते गेल्यावर मला म्हणाली, "तुह्या बापाले बहीण नाही आठवली. खोली आठवली. ध्यानात ठेव वं." मी खाली मान घालून उभी होते. तिचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण अठराव्या वर्षी दुसऱ्याच्या अपराधासाठी रोज बोलणी खायची, हे काही सोपं नसतं.

घर गांधीबागेच्या एका गल्लीत होतं. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना, मागे आम्ही. सकाळी डोळा उघडायच्या आधीच कापडाचे गठ्ठे हातगाडीवरून धपकन खाली पडल्याचे आवाज येत, हमालांच्या हाका येत, आणि सगळ्या गल्लीत कोऱ्या कापडाच्या खळीचा वास भरून राहिलेला असे. त्यात आमच्या घरातला स्टोव्हचा आवाज मिसळायचा. त्या स्टोव्हवर आधी सुया उकळायच्या आणि मग चहा व्हायचा. आत्याला आम्लपित्त होतं, म्हणून घरात मिरची वर्ज्य होती. दुधीची पांढरी भाजी, फिकं वरण, मऊ भात. मी गावाकडे झुणक्यासोबत कच्ची मिरची चावणारी पोर, मला ते जेवण घशाखाली उतरत नसे. दर गुरुवारी आत्या भिवापूरला जाऊन तिथल्या एका भाड्याच्या खोलीत बायका तपासायची. तिथल्या बायका प्रेमाने लाल मिरचीची पुडकी आणून द्यायच्या. आत्या माझ्या देखत ती शेजारच्या दुकानदाराच्या घरी पाठवून द्यायची. एकदा मी म्हणाले, "आत्या, मूठभर ठेवू का? मी वेगळं वाटून घेईन." तिने वर न बघता विचारलं, "इथं तू जेवाले आली का शिकाले?"

तर त्या पावसाळ्यात ती न्हाणीपाशी पडली. तिथल्या फरशीवर शेवाळ धरलं होतं. मी धावत गेले तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती, उजवा पंजा विचित्र लोंबत होता, आणि चेहरा घामाने भिजला होता. "रडू नको. कपाटातून फळी अन् पट्टी आण," ती म्हणाली आणि तशा अवस्थेत पट्टी कशी गुंडाळायची ते मला सांगत राहिली. मी सैल बांधली म्हणून ओरडली, मग घट्ट बांधली म्हणून ओरडली. तिच्या तोंडून कळ आल्याचा एक शब्द निघाला नाही. माझ्या मनात तिच्याविषयी आदर होता तो त्या दिवसापासून, आणि राग तर आधीपासून होताच. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल वाटू शकतात हे मला तेव्हा नवीन होतं.

जीप मिलिटरीच्या डिस्पोजलमधली, म्हणजे लष्कराने जुनी म्हणून विकून टाकलेली होती. स्टिअरिंग डाव्या हाताला, वर कॅनव्हासचं छप्पर, मागे समोरासमोर दोन लोखंडी बाकं. ती चालवायची म्हणजे अंगात जोर हवा, मोडक्या हाताने ती वळली नसती. ड्रायव्हर गेला आणि दोन गुरुवार भिवापूरची फेरी चुकली, तसं आत्याने मला सांगितलं, "उद्यापासून गाडी शिक." विचारलं नाही, सांगितलं. सरळ रस्त्यावर चालवणं, गिअर टाकणं मी लवकर शिकले. परवाना निघाला. मला वाटलं झालं. मी घरी बाबांना निरोपही पाठवला की मला गाडी येते.

आत्या म्हणाली, "तुले गाडी थांबवता येते. चालवता नाही येत."

मग ती मला उमरेडच्या रस्त्याला, वस्ती संपल्यावर एक मोठं मोकळं रान होतं तिथे नेऊ लागली. आमच्याकडची काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पाय आत जाईल. पावसात तीच माती टायरला थरावर थर चिकटते आणि चाक म्हणजे नुसता गुळगुळीत गोळा होऊन बसतं. पाऊस पडून गेला की आत्या मला त्या रानात जीप घालायला लावायची, वेग घ्यायला लावायची, आणि काही न सांगता मधला हँडब्रेक डाव्या हाताने ओढायची. मागची चाकं जागच्या जागी आवळली जायची आणि जीपचा मागचा भाग बाजूला सुटायचा. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले. जीप पूर्ण गोल फिरली आणि एका बाभळीपाशी जाऊन थांबली.

आत्याच्या हातात तिची छत्री होती, लाकडी मुठीची. तिने ती मूठ माझ्या उजव्या गुडघ्यावर मारली. हळू मारली नाही. "हा पाय ब्रेकवर गेला काहून?"

"थांबवायला."

"चाक आवळलं का गाडी घसरते. फिरलं तं ऐकते. एवढं डोक्यात घाल. पाय वर घे, काही दाबू नको. मागचा भाग जिकडं चालला, तिकडंच हातातलं चाक वळव. अन् गाडी सरळ होऊन राहिली असं वाटलं का लगेच चाक परत आण, नाहीतं ती दुसरीकडून झोका खाते. चाल, पुन्हा."

पुन्हा, आणि पुन्हा. पाय ब्रेककडे गेला की छत्रीची मूठ. माझा गुडघा निळा पडला, मग हिरवा, मग पिवळा. कॉलेजात मी लंगडत जायची आणि मैत्रिणींना पडले म्हणून सांगायची. उतारावर आधीच खालचा गिअर टाकायचा, गाडी इंजिनाने रोखायची, ब्रेक लागलाच तर टेकवायचा आणि सोडायचा, बैलगाड्यांनी शेतातला चिखल डांबरावर आणलेला दिसला की शंभर पावलं आधीच वेग उतरवायचा, पहिल्या रिमझिमीवर सगळ्यात कमी विश्वास ठेवायचा कारण मोठा पाऊस रस्ता धुतो आणि बारीक पाऊस नुसता कालवतो, हे सगळं तिने मला असंच शिकवलं, शिव्यांच्या आणि छत्रीच्या मधल्या जागेत. चांगलं जमलं तर ती बाहेर बघायची. बाहेर बघितलं म्हणजे जमलं, असं मी समजू लागले.

परवा माझ्या पुतण्याच्या नव्या गाडीत बसले होते. तो म्हणाला, काकू, हिची चाकं आवळतच नाहीत, गाडी स्वतःच सांभाळते, तुम्ही नुसता ब्रेक दाबून धरायचा. मी म्हटलं, छान आहे. पण पुढे पाणी साचलेलं दिसल्यावर त्याच्या शेजारी बसल्या बसल्या माझा उजवा पाय आपोआप वर उचलला गेला होता.

ज्या गुरुवारची गोष्ट सांगायला बसले, त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं आणि पडत काही नव्हतं. भिवापूरला पोचलो तेव्हा खोलीच्या दाराशी बायकांची रांग होती. त्यांच्यात एक पहिलटकरीण होती, पुष्पा नावाची, माझ्याच वयाची असेल. तिला आदल्या दिवसापासून कळा येत होत्या. सोबत तिची सासू. आत्याने तिला आत घेतलं, थोड्याच वेळात बाहेर येऊन हात पुसत म्हणाली, "मूल आडवं आहे. इथं नाही होणार. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागते. विमल, गाडी काढ." मग रांगेतल्या बायकांना, "बाकीच्यांनी पुढच्या गुरुवारी या," आणि ती जीपकडे निघालीसुद्धा.

मागे दोन बाकांच्या मधल्या जागेत गादी घातली, पुष्पाला तिच्यावर आडवी केली, सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. आत्याला एका हाताने मागे तोल सांभाळता येईना, म्हणून ती पुढे माझ्या उजवीकडे बसली, पण सगळा वेळ मागे वळून. दुपार होती. गावाबाहेर पडलो आणि रिमझिम सुरू झाली. छपराच्या कॅनव्हासवर ती अगदी बारीक वाजत होती. त्या आवाजात पुष्पाचं कण्हणं आणि सासूचं "होईन, माय, होईन" हे एकसारखं ऐकू येत होतं. समोरच्या काचेवर पाणी आणि चिखल कालवून एक मळकट पडदा झाला होता. त्यातून दिसेल तेवढा रस्ता मी बघत होते.

"हळू काहून चालवून राहिली?" आत्या म्हणाली.

"रस्ता चिखलाचा आहे."

"पोरगी मरून राहिली मागं. चाल."

मी थोडा वेग वाढवला. उमरेडच्या अलीकडे रस्ता एका नाल्यात उतरतो. नाल्यावर तेव्हा पूल नव्हता, नुसता रपटा होता, म्हणजे पाणी वरून जाईल असा बुटका दगडी रस्ता. त्याच्याकडे जाणारा उतार लांब आणि जरा वाकडा. डाव्या अंगाला खोल चर होता. मी वरच दुसरा गिअर टाकला. उताराच्या मध्यावर आले आणि खालून चढून येणारी बैलगाडी दिसली, तुराट्यांनी, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांनी भरलेली, रस्त्याचा उजवा अर्धा भाग व्यापून. तिच्या चाकांनी आणि तिच्या आधी गेलेल्या सगळ्या गाड्यांनी शेतातली काळी माती डांबरावर लिंपून ठेवली होती.

मागची चाकं सुटली ते आधी मला बुडाखाली कळलं. जीपचा मागचा भाग उजवीकडे, बैलगाडीच्या दिशेने निघाला आणि तोंड चराकडे वळू लागलं. मी पाय वर घेतला. चाक उजवीकडे फिरवलं.

आणि आत्याने ते पाहिलं. मी बैलांच्या अंगावर चाक वळवते आहे एवढंच तिला त्या क्षणी दिसलं असणार. "ब्रेक मार," ती ओरडली. तो तिचा आवाजच नव्हता, कोणा म्हाताऱ्या घाबरलेल्या बाईचा होता. तिने चांगल्या हाताने स्टिअरिंग पकडलं आणि सगळ्या ताकदीने डावीकडे, चराकडे ओढलं.

मी विचार केला नाही. उजवा कोपर मागे घेऊन तिच्या तोंडावर मारला. जोरात मारला. हाडावर हाड आपटल्याचं मला खांद्यापर्यंत जाणवलं. तिचा हात सुटला. मी चाक पुन्हा उजवीकडे नेलं, जीपचं तोंड वळून सरळ आलं, लगेच चाक परत आणलं. मागचा भाग एक झोका डावीकडे खाऊन आला, चराच्या काठावरचे दगड मागच्या टायरखाली खडखडले, आणि गाडी सरळ झाली. तुराट्यांची टोकं छपराला घासत गेली. बैल जू ताणून बाजूला सरकले होते आणि गाडीवान काहीतरी ओरडत होता. मी ब्रेकला पाय लावला नाही. रपट्यावरून पाणी उडवत पलीकडच्या चढाला लागलो आणि तिथे जीप आपोआप मंदावली.

पुष्पाचं कण्हणं थांबलं होतं. मी आत्याकडे पाहिलं. तिचा ओठ फाटला होता, पुढचा एक दात अर्धा तुटला होता, हनुवटीवरून रक्त पांढऱ्या साडीवर पडत होतं. तिने पदराने तोंड दाबलं, वळून मागे पुष्पाकडे बघितलं, तिची नाडी धरली आणि पदराआडून म्हणाली, "चाल."

नागपूरपर्यंत ती मागे वळूनच बसली होती. मोठ्या दवाखान्यात पुष्पाला आत नेलं. संध्याकाळी तिला पोट उघडून मुलगी झाली. दोघी जगल्या. सासूने बाहेर येऊन माझे हात धरले आणि आत्याच्या सुजलेल्या तोंडाकडे बघून विचारलं, "बाई, तुमाले लय लागलं का?" आत्या म्हणाली, "पडली मी."

पण घरी आल्यावर तिने बाबांना गावाहून बोलावून घेतलं. दोन दिवस ती पातळ पेज पिऊन राहिली आणि माझ्या ताटात स्वतः काही वाढलं नाही. मी माझी ट्रंक भरून ठेवली. कॉलेज संपलं, आता गावी जायचं, आणि हिवाळ्यात माझं लग्न लावून देतील, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. बाबा आले. आत्या दवाखान्याच्या खोलीत टेबलामागे बसली होती. मी दाराशी उभी होते.

"शाम्या, तुह्या पोरीनं मले मारलं," ती म्हणाली. दात तुटल्यामुळे तिचे शब्द जरा फुसकत होते. "चालत्या गाडीत. कोपरानं."

बाबांचा चेहरा काळा पडला. ते माझ्याकडे वळले. "पाय धर बाईचे. आत्ताच्या आत्ता."

"नाही धरणार," मी म्हणाले. "तिनं चाक ओढलं. मी मारलं नसतं तर आम्ही सगळ्या चरात गेलो असतो. मागची अडलेली बाईसुद्धा."

"मोठ्या माणसावर हात उचलला अन् वरून तोंड चालवून राहिली? सामान घे. चाल घरी. बस झालं शिक्षण."

मी ट्रंक आणायला वळले. आत्या म्हणाली, "तिले ने म्हणून मी नाही बोलावलं गा तुले."

बाबा थांबले. "मंग?"

"मारलं हे तुले माह्या तोंडून कळलं पायजे, म्हणून बोलावलं. उद्या गावात कोणी दुसरं सांगीन, अन् तू म्हणशीन बाईनं लपवलं." ती जरा थांबली, ओठ दुखत असावा. "मले तिनं मारलेलं आवडलं नाही. मी हे विसरणार नाही. पण माफी मागाले नको लावू. ती खोटी मागीन, अन् मले ती घ्या लागीन. गुरुवारी भिवापूरले जायचं आहे. गाडी कोण चालवणार, तू?"

बाबा जातो म्हणाले. या खेपेलाही तिने त्यांना बसा म्हटलं नाही. दारात माझ्याजवळ येऊन ते हळूच म्हणाले, "तरी तू पाय धराले पायजे होते." मी आत जाऊन ट्रंक रिकामी केली.

त्या गुरुवारी आत्या पुढच्या सीटवर बसली नाही. मागे लोखंडी बाकावर चढून बसली. मनगट अजून पट्टीत, एका हाताने छपराचा दांडा धरलेला, प्रत्येक खड्ड्याला अंग आपटतंय, तरी तिथेच. मी म्हणाले, "आत्या, पुढे बस, मागे त्रास होईल." तिने दांडा आणखी घट्ट धरला. नंतर मी तिच्याकडे होते तोवर ती कधीच माझ्या शेजारी बसली नाही, आणि माझ्या चालवण्याबद्दल चांगलं किंवा वाईट एक अक्षरही बोलली नाही.

तो दिवसही पावसाचा होता. भिवापूरहून परतताना नाल्याचा उतार आला. मी वर दुसरा गिअर टाकला, तसा मागून आवाज आला, "थांबव."

मी थांबवलं. मागचा पडदा सरकल्याचा आवाज झाला. आत्या खाली उतरली आणि पावसात पायी उतार उतरू लागली. मी बाजूला वाकून म्हणाले, "आत्या, मी हळू नेते." तिने हाताने नुसतं पुढे जा असं खुणावलं. मी गाडी खाली नेली. गाडी कुठेच घसरली नाही. रपट्याच्या अलीकडे थांबून मी मागे वळून पाहिलं. ती रस्त्याच्या कडेने येत होती, एकेक पाऊल जपून टाकत, चपला हातात घेतलेल्या, काळा चिखल पोटऱ्यांपर्यंत. मला तिची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. भिजू दे, चालू दे, असंच मला वाटत होतं. पण पलीकडच्या चढावरून एक ट्रक खाली येताना दिसला, आणि त्याला एवढ्या पावसात पांढरी साडी दिसेल का नाही याची मला खात्री वाटेना. मी जीप रस्त्याच्या मधोमध आडवी घातली, दिवे लावले आणि हॉर्नवर हात दाबून धरला. ट्रक रपट्याच्या पलीकडेच थांबला. ड्रायव्हर शिव्या देत राहिला, मी हॉर्न सोडला नाही.

आत्या आली. तिने आडवी जीप पाहिली, थांबलेला ट्रक पाहिला. मग पाय झटकून मागे चढली आणि पडदा ओढून घेतला.

"चाल," ती म्हणाली.